फक्त पाहण्याची परवानगी

"पाहायचं सगळं, हात कशालाच लावायचा नाही," असं पुटपुटत केतकीने सुरक्षा तपासणाऱ्या स्कॅनर प्रोग्रॅमचं खातं उघडलं, त्याला चावी दिली आणि फक्त पाहण्याच्या परवानगीवर टिचकी मारली. कंपनीच्या क्लाउडमध्ये कुठे काय उघडं राहिलंय, ते त्याने शोधायचं होतं.

तो आत शिरला. तिला वाटलं, झोपलेल्या घरातून कुणीतरी अनवाणी फिरतंय, एकेक कडी हलवून बघतंय.

दुपारी त्याने एक दार उघडं असल्याचं कळवलं. कोकणातल्या एका बंदरावरच्या कॅमेऱ्याचे फोटो कुणालाही बघता येत होते. तिने पहाटेचा एक उघडला. धुक्यात निळसर धक्का, पाण्यावर होड्या. त्या धक्क्यावरच उभी असल्यासारखी ती बघत राहिली. मग फोटोंचं ते दार बाहेरच्यांसाठी लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या मदत क्रमांकावर आलेला एक फोन केतकीकडे दिला गेला. "मी मस्कतहून बोलतेय, इथे नर्स आहे. आज बंदर दिसेना हो! बाबा रात्री मासेमारीला जातात, फोन नेत नाहीत. त्यांची होडी धक्क्याला लागलेली दिसली की मगच मी ड्युटीवर जाते. आज तशीच आलेय."

केतकीने साहेबांना विचारलं. "स्कॅनरला दिलंस तसंच खातं दे तिला," ते म्हणाले.

"चावी पाठवते," केतकीने फोनवर सांगितलं. "पण नुसतं पाहता येईल हं. हात कशालाच लावता येणार नाही."

पलीकडे ती हसली. "इथून हात कुठे पोचायला, ताई?"