रविवारचा पिवळा दिवा

सलग तिसऱ्या रविवारी इंजिनचा पिवळा दिवा लागला, तेव्हा गाडी अजून फाटकाबाहेरही पडली नव्हती.

"पुन्हा?" नवऱ्याने पायरीवरून विचारलं.

"पुन्हा," ती म्हणाली आणि गाडी गॅरेजकडे वळवली.

आईच्या वृद्धाश्रमात भेटीची वेळ रविवारी दहा ते बारा. वाट सव्वा तासाची, सगळी घाटाची, आणि त्या बाजूला बस फिरकत नाही. चार वर्षांपूर्वी थोरल्या भावाने आईला तिथे नेऊन ठेवलं. "माझ्याकडे चल," ही म्हणाली, तर आईने साफ नकार दिला. मग भावाला ही नाही नाही ते बोलली. तेव्हापासून बहीणभावाचं बोलणं बंद. पण हा दिवा लागायला लागेपर्यंत तिचा एकही रविवार चुकला नव्हता. अंगात ताप असला तरी ती जायची. आईची नखं कापायची, गुडघ्यांना तेल चोळायची आणि शेजारच्या खाटेवरल्या बाईबद्दलची गाऱ्हाणी ऐकून घ्यायची.

गॅरेजवाल्याने पहिल्या रविवारी पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवून घट्ट केलं होतं. "एवढ्यानेही दिवा लागतो, ताई. वाफ निसटते ना." दुसऱ्या रविवारी स्पार्क प्लगवरच्या कॉइलची वायर सुटलेली निघाली, गाडी दमेकऱ्यासारखी धापा टाकत होती, दिवा लुकलुकत होता. "लुकलुकला की गाडी तिथेच थांबवायची. स्थिर असेल तर हळूहळू नेता येते. पण तपासल्याशिवाय घाटात नको."

तपासणी होईपर्यंत बारा वाजून जायचे. ती आईला फोन करायची.

"बरं झालं नाही आलीस," आई म्हणायची. "किती धावाधाव करशील? जिवाला जप." आवाज इतका टवटवीत, की हिलाच गलबलून यायचं. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून म्हातारी हसतेय!

आज गॅरेजवाला बराच वेळ बॉनेटमध्ये डोकं घालून बसला. मग हात पुसत जवळ आला.

"इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरचा प्लग निघालाय. ताई, एक बोलू का? हा आपोआप निघत नाही. क्लिप दाबून ओढावा लागतो."

"उंदीर?"

"उंदीर वायर कुरतडतो, क्लिप दाबत नाही."

ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करायची. एक एक शक्यता वगळत जायचं, उरेल ते खरं, हा तिचा रोजचा धंदा. इथे वगळायला फार काही नव्हतंच. बॉनेट गाडीच्या आतूनच उघडतं, आणि गाडीला दोन किल्ल्या. दुसरी नवऱ्याकडे. आणि नवरा शाळेत विज्ञान शिकवायचा.

आठवडाभर ती त्याला काही बोलली नाही. वाढताना, कपडे वाळत घालताना त्याच्या हातांकडे मात्र बघत राहिली. चोवीस वर्षांच्या संसारात हा माणूस तिच्याशी एकदाही खोटं बोलला नव्हता, निदान तिला तसं वाटत आलं होतं.

चौथ्या रविवारी सहा वाजताच ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिली. साडेसहाला तो अनवाणी बाहेर आला. आवाज न करता बॉनेट उचललं आणि वाकला.

ती त्याच्या पाठीशी जाऊन उभी राहिली. "कुठला प्लग आज?"

तो दचकून सरळ झाला. बोटं काळी झाली होती.

"माझी आई तुला एवढी डोळ्यांत खुपते? आठवड्यातले दोन तास! तेही बघवत नाहीत?"

"तसं नाही गं."

"मग कसं? माझ्याशिवाय तिला आहे कोण? ती दाराकडे डोळे लावून बसते, आणि तू चोरासारखा..."

"मला विचारू नकोस," तो मान खाली घालून म्हणाला. "हवं तर दोष दे. जन्मभर दे. पण आज जाऊ नकोस."

"आज तर मी जाणारच."

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. त्याने पटकन खिशावर हात दाबला. त्या हाताने तिचा उरलासुरला संयम संपला. तिने हात बाजूला सारला, फोन ओढून काढला आणि स्पीकरवर लावला.

"जावईबापू, झालं ना काम?" आई म्हणत होती. "थोरला आजही निघालाय हो. आला आणि ही दिसली, तर दारातूनच परत फिरेल. एवढा आजचा रविवार अडवा तिला. तिचं काय, ती कधीही येईल."