मागच्या काचेवरचं स्टिकर

“बाबा, कॉलेज मी निवडणार होते ना? मग काचेवर हे स्टिकर कुणाला विचारून चिकटवलंस?” एका कॉलेजच्या आवारात गाडीतून आपलं तंतुवाद्य, सेलो, उतरवताना टेसा फणफणली. “अगं, मोठ्या विद्यापीठाचं आहे. अख्खा गाव थांबवून अभिनंदन करतोय!” “तिथं संगीत दुय्यम विषय म्हणून घेतलं तर सेलो शिकवत नाहीत. ह्या कॉलेजात शिकवतात, पण प्रवेशासाठी आधी वाजवून दाखवावं लागतं.” “दुय्यमच ना? कशाला एवढा तमाशा?” हार्लन खेकसला. तेवढ्यात इथल्या संगीताच्या बाई आल्या. टेसा झटकन गाडीच्या मागच्या काचेला पाठ लावून उभी राहिली. “आत चल गं, बोटं गारठतील,” बाई म्हणाल्या. टेसा हसली, पण हलेना. हार्लनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो गुपचूप तिच्या जागी टेकून उभा राहिला. “तुम्हीही येताय ना ऐकायला?” बाईंनी विचारलं. “नाही,” तो काचेवरची पाठ न हलवता, बुटांकडे बघत म्हणाला, “मला आता निघायला हवं.”