एकटा पुरुष

कागलजवळच्या प्राथमिक शाळेत अकरा वर्षं गोमटेश सर हे एकटेच पुरुष शिक्षक होते. सर जैन, म्हणून सहा मॅडमपैकी रोज कुणीतरी त्यांच्यासाठी बिनकांदा-लसणाच्या भाजीचा वेगळा डबा आणायचं. मग जूनमध्ये पारस सर रुजू झाले. तेही जैनच निघाले. डबा तेवढाच राहिला, वाटा मात्र अर्धा झाला. त्यात नसरीन मॅडम आधी पारस सरांना वाढू लागल्या.

मधल्या सुट्टीत पारस सर मोबाइलवरचं वाचून दाखवत होते. "दोन छोट्या देशांची तुलना केलीय. एकात प्राथमिकला पुरुष शिक्षक चाळीस, दुसऱ्यात फक्त एक."

"एकटाच? करमत नसंल की हो बिचाऱ्याला," नसरीन मॅडम हळहळल्या.

"बिचारा कशाचा? सुखात असंल की!" पारस सरांच्या ताटलीतल्या दोडक्याकडं बघत गोमटेश सर म्हणाले.

"तसं माझंबी झालंय सर," पारस सर म्हणाले. "बदलीची ऑर्डर आली. सोमवारी शिरोळला हजर व्हायचंय."

गोमटेश सरांचा चेहरा असा उजळला, की त्यांनी अख्खा डबाच पुढं सरकवला. "घ्या की पारस सर, लाजताय काय! पोटभर खावा. तिकडं स्टाफ किती हाय?"

"मी एकटा आणि नऊ मॅडम. त्यातल्या आठ जैन."

गोमटेश सरांनी डबा परत आपल्याकडं ओढला.