विहिरीवरची लाईन

बांधापलीकडे राकेश फोनवर बोलत होता. "रूळ खऱ्या मापाला रुंद करून टाकलेत. पण वळण कुंडलिकभाऊंच्या विहिरीवरून जातंय, ती काढावी लागंल."

अलीकडं कांदा खुरपणाऱ्या कुंडलिकनं हे ऐकलं आणि खुरपं खाली टाकलं. नव्या रेल्वेची बोलवा बोरी गावात होतीच, आणि पुण्याच्या नोकरीतून सुट्टीला आलेल्या राकेशला आतलं ठाऊक असणारच. जमीन जाणार असेल तर निदान झाडांची भरपाई तरी पदरात पडावी, म्हणून त्यानं उभ्या कांद्यात नांगर घातला आणि आंब्याची कलमं लावली. शेवटी विहिरीसाठी तो राकेशच्या दारात गेला.

"माझी विहीर वाचव, बाबा."

राकेशनं त्याला आत नेलं. टेबलावर पुठ्ठ्याचं बोरी गाव मांडलेलं होतं, त्यातून बारीक रूळ गेले होते आणि मधोमध वीतभर इंजिन उलटं पडलं होतं.

"हा माझा छंद, भाऊ. विकतच्या खेळण्यातल्या इंजिनाची चाकं प्रमाणापेक्षा जवळ असत्यात. खऱ्या रेल्वेच्या प्रमाणातल्या रुळावर बसावीत म्हणून बाहेर सरकवतोय." त्यानं बाटलीच्या बुचाची विहीर उचलून बाजूला ठेवली. "घ्या, वाचली तुमची विहीर."



कुंडलिकच्या डोळ्यांसमोर नांगरलेला कांदा आला. "मंग खरी रेल्वे येनार न्हाई व्हय?"