एक मिनिट दिवे बंद

कानोकोचं वागणं उतोआजीला गुहेच्या तोंडापासूनच खटकत होतं. पंधरा माणसांच्या पुढे चालायचं आणि तोंडभर हसायचं. जत्रेत गोड वडे विकायला उभी राहिल्यासारखी.

शाळेची पोरं दर रविवारी ओकिनावा बेट बघायला आलेल्यांना दुसऱ्या महायुद्धातली ही गुहा दाखवत. सोबत शिक्षक नसे. म्हाताऱ्यांना विचारून, लिहून, पाठ करून सगळं पोरंच सांगायची. आज कानोकोनं, म्हणजे नातीनं, हट्टानं आजीला आणलं होतं.

"आज्जी, हेल्मेट घाल ना."

"वरून बॉम्ब पडत होते तेव्हा कुणी दिलं नाही. आता काय करू त्याचं?"

आत खोलगट जागेत सगळे थांबले.

"इथं चाळीस माणसं लपली होती," कानोको सांगू लागली. "वर अमेरिकन सैन्य, आत आपले जपानी शिपाई. आवाज करायचा नाही, असा शिपायांचा हुकूम. आज्जी तेव्हा आठ वर्षांची. तिचा पाच महिन्यांचा भाऊ इथंच तापानं गेला. तिनंच सांगितलंय मला."

उतो खाली ओल्या दगडांकडे बघत राहिली.

"आता एक मिनिट सगळ्यांनी दिवे बंद करा. अगदी गप्प राहा. म्हणजे तेव्हाचं कळेल."

अंधार झाला. स्वतःचा हातही दिसेना. कुठेतरी पाणी ठिबकत होतं. तेवढ्यात एका पाहुणीच्या छातीशी बांधलेलं बाळ रडायला लागलं.

"शू, शू," ती पुटपुटली.

"गप्प राहायचंय हं," कानोको हळूच म्हणाली.

रडणं एकदम दबलं.

"हात काढ," उतो म्हणाली.

रडणं दबलेलंच राहिलं.

"बाळाच्या तोंडावरचा हात काढ, बाई. रडू दे त्याला."

रडणं मोकळं झालं, गुहाभर घुमलं. कानोकोनं घाईघाईनं विजेरी लावली. आजी भिंतीला टेकून खाली बसली होती, उजवा हात काखेत गच्च दाबून.

"आज्जी, काय होतंय?"

"ताप नव्हता त्याला. आई पाणी आणायला गेली होती. बाळ माझ्या मांडीवर होतं."

कानोकोच्या हातातला टिपणांचा कागद खाली पडला. तिनं तो उचलला नाही.

"पाठांतर चोख आहे तुझं," उतो म्हणाली. "पण मघाशी गप्प राहा म्हणालीस ना, ते अगदी त्या शिपायासारखं. तोही माझ्यावर ओरडला नव्हता."