पहिलं पाणी

पोटरीला काहीतरी गार घासून गेलं. चष्मेवाल्याने वल्हं हवेतच धरलं. भास असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. मग ते काहीतरी परत आलं. भाड्याची खोली बघायला आलेला माणूस भिंती चाचपतो, तसं घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सावकाश फिरलं.

कयाक म्हणजे होडी कमी आणि विजार जास्त. माणूस तिच्यात बसत नाही, ती चढवतो. वरून कमरेभोवती रबरी स्कर्ट ताणून बसवला की बाहेरचा थेंब आत येत नाही. आतलंही काही बाहेर जात नाही.

चूक त्याचीच होती. हंगामातलं पहिलं पाणी कोण कापणार, यावर नवरा-बायकोची चुरस असे, आणि दरवेळी बायकोच जिंके. बोटी महिनोन्‌महिने शेडच्या अंधारात पडून असतात. म्हणून पहिल्या दिवशी त्या उलट्या करायच्या, बुडावर चांगल्या थापा मारायच्या आणि मगच पाण्यात लोटायच्या, असा नियम. आज बायको नियमाने थापा मारत बसली, तेवढ्यात या गड्याने डाव साधला. वर नदीतून तिला टाटाही केला.

आता दोन्ही अंगांना उभे कडे होते. पाय टेकायला जागा नव्हती. पुढच्या वळणापलीकडे पाणी गरजत होतं. तिथले खडक असे, की मासेसुद्धा म्हणे काठाकाठाने जातात. चष्मेवाला तिथे हमखास उलटायचा. उलटला की स्कर्ट ओढायचा आणि धडपडत बाहेर यायचं, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं. पण बंद बोटीत, डोकं खाली, आणि आत सोबतीला हे बिऱ्हाड.

बायकोची बोट मागून येऊन त्याच्या बोटीला लागली.

"अगं," तो ओठ न हलवता म्हणाला, "माझ्या बोटीत साप आहे."

बायको दातांची डॉक्टर. तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"साप कसला, स्पंज आहे तो. पाणी टिपायला मीच टाकलाय तुमच्या पायापाशी."

"स्पंज वर चढतो?"

"बोट डुलली की घरंगळतो. चढलंय ते तुमचं डोकं, पहिलं पाणी कापल्यापासून."

"गार लागतोय गं."

"मग ओला स्पंज काय शेकोटीसारखा लागेल? फक्त पाय हलवू नका. त्याला दोरी आहे. ती घोट्यात गुंतली, तर उलटल्यावर बाहेर निघता यायचं नाही."

हे तिने ज्या आवाजात सांगितलं, त्या आवाजावर भलेभले निमूट जबडा उघडतात. त्याच्या खांद्यांतला पीळ सुटला. भीती गेली आणि तिच्या जागी राग आला. ते बरंच झालं. भीतीने हात गोठतात, रागाने चालतात.

वळण आलं. बोटीचं नाक खाली गेलं.

"डावीकडून," बायको मागून म्हणाली. एरवी या जागी ती पुढे सटकायची आणि पलीकडे जाऊन हसत थांबायची. आज गोचिडीसारखी मागे चिकटून होती.

पहिला खडक टळला. दुसऱ्याने बोट आडवी केली. तो इतका कलला, की कान पाण्याला लागला. आतलं ते गार ओझं घसरत मांडीपर्यंत आलं आणि तिथेच टेकलं. एरवी अशा वेळी तो पाय झाडायचा आणि पालथा व्हायचा. आज डोक्यात दोरी होती. पाय ओंडक्यासारखे ठेवून त्याने नुसता कमरेला हिसका दिला आणि वल्ह्याची थाप पाण्यावर हाणली. बोट सरळ झाली. पाणी संथ झालं. नाक वाळूत रुतलं.

चष्मेवाल्याची छाती अशी फुगली, की जाकिटाचे बंद करकरले.

"बघितलंस? एकदासुद्धा उलटलो नाही. आणि मला साप म्हणायला लावणारा तुझा तो स्पंज आधी तुझ्याच तोंडात कोंबतो." त्याने स्कर्ट सोडला आणि आत हात घालायला वाकला.

बायकोने आपल्या बोटीतून अंग सोडवलं, बोट तशीच वाहू दिली आणि कमरेएवढ्या पाण्यातून येऊन त्याचं मनगट पकडलं. आवाज मात्र तोच, दवाखान्यातला.

"हात बाहेरच ठेवा. आता अगदी हळू, एकेक पाय काढा. स्पंज मी आणलेलाच नाही."