सातवी चाल

एक चाल हातावर बसली की एक क्लेपोन, असा आजोबांचा सौदा होता. गूळ भरलेल्या त्या हिरव्या गोळ्यांच्या लोभाने आठ वर्षांच्या सेकारने गंदेर या वाद्याच्या काशाच्या पट्ट्यांवर सहा चाली बसवल्या. सातवीला तर अख्खी परडी कबूल झाली होती.

सहावी बसली त्या सकाळी आई नैवेद्याच्या परड्या विणता विणता सहज बोलून गेली, "आता सातवी शीक बाई. अंत्ययात्रेत प्रेत नेतात ना, त्या उंच मनोऱ्यावर बसून तीच वाजवतात. आजोबा म्हणतात, सेकारला ती आली की मी मोकळा."

सेकारने वाजवायची हातोडी खाली ठेवली.

तेव्हापासून सातवी चाल रोज शेवटच्या ओळीत चुकते. आधीचं सगळं बिनचूक, आणि तिथेच हात घसरतो. आजोबा खोकले, तर त्याच्या आधीची ओळही चुकते.

शेवटी आजोबांनी विचारलं, "काय गं, सहा चाली मटकावल्यास, आणि ही एवढीशी ओळ घशाखाली उतरत नाही?"

"नाही उतरत. अजून पुष्कळ वर्षं लागतील." तिने मान वर केली नाही. "आणि मला क्लेपोन नकोच आहेत."

चुकलेली पट्टी अजून घुमत होती. आजोबांनी ती पट्टी तळव्याने दाबून गप्प केली. बराच वेळ हात तिथेच राहू दिला. मग परडीतला एक क्लेपोन उचलून त्यांनी तिच्यापुढे धरला.

"सौदा बदलला. आजपासून चुकलीस की एक. उद्या पुन्हा ये, आणि नीट चूक."